रशीदाआपा आणि बर्फाचे टायर

रशीदाआपा वाचल्याशिवाय काही घेत नसत. सौदीतल्या तबूक शहरात आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक बकाला, म्हणजे किराणा दुकान होतं. तिथं त्या पावाचं पाकीट हातात घेऊन चष्मा कपाळावरून नाकावर आणत आणि तारीख, घटक, बनवणाऱ्याचा पत्ता सगळं वाचून काढत. मागं रांग थांबलेली असे. दुकानदार केरळचा. तो हिंदीत म्हणे, "सिस्टर, पाव आहे, कुराण नाही." आपा शांतपणे उत्तर देत, "म्हणून तर वाचते. कुराणात चूक नसते."

मी नाशिकची. फार्मसी शिकलेली. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळं तबूकला आले आणि डोंगरातल्या एका गावच्या आरोग्य केंद्रात मला औषधांच्या खिडकीवर काम मिळालं. आपा श्रीवर्धनच्या. पंचवीसहून जास्त वर्षं सौदीत नर्स म्हणून काढलेली बाई, बुटकी, गोल चेहऱ्याची, चालणं मात्र असं की मागं धावावं लागे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र उचलून दोन्ही बाजूंनी वाचलं आणि एकदम मराठीत म्हणाल्या, "नाशिकची हायस व्हय? मग चहा बरा करत असशील. चल, दाखव." तेव्हापासून त्या मला 'बाय' म्हणू लागल्या आणि मी त्यांना 'आपा'.

केंद्र तबूकपासून दोन तासांवर. रविवारी सकाळी वर जायचं, आठवडाभर तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचं आणि गुरुवारी संध्याकाळी खाली यायचं, असा आमचा क्रम. आधी केंद्राची गाडी आम्हाला न्यायची. मग बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली, तबूकला बायकांची ड्रायव्हिंग शाळा निघाली आणि वयाची पन्नाशी ओलांडलेल्या आपा तिथं सगळ्यांत आधी जाऊन बसल्या. लायसन्स मिळालं त्या दिवशी त्यांनी ते तीनदा वाचलं आणि मला म्हणाल्या, "बाय, श्रीवर्धनात मना सायकल शिकू दिली नव्हती. आता बघ." पंधरा दिवसांत एक जुनी पांढरी छोटी गाडी घेतली. रविवारी मी त्यांच्या शेजारी बसू लागले.

सौदी म्हटलं की लोकांना वाळू आठवते. पण तबूकच्या पश्चिमेला डोंगर आहेत आणि त्यांवर काही हिवाळ्यांत चक्क बर्फ पडतो. पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी उतारावर आमची गाडी ब्रेक लावूनही हळूच तिरकी झाली आणि कडेच्या दगडाला टेकून थांबली. काही मोडलं नाही. मी डोळे मिटून घेतले होते. आपा उतरल्या, टायरावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "हा रबर थंडीनं लाकडासारखा झालाय. ह्याची काय चूक? चूक आपली. चप्पल घालून आपण शेवाळावर चाललो."

मग त्यांचा अभ्यास सुरू झाला. त्यांची जुनी मैत्रीण लीलाम्मा कॅनडात नर्स होती. ती हिंदीत लांबलचक आवाजी निरोप पाठवायची आणि आपा ते जेवताना ऐकायच्या. बर्फाच्या टायरांचा रबर वेगळा असतो, तो कडाक्याच्या थंडीतही मऊ राहतो. नक्षीला बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फ धरून ठेवतात. कडेवर तीन शिखरांच्या डोंगराचं चित्र असतं आणि त्यात हिमकण. नुसतं 'एम' आणि 'एस' लिहिलेलं असेल तर ते चिखलाला ठीक, पण बर्फावर त्याचा भरवसा नाही. एवढं सगळं माझंही पाठ झालं. माझा नवरा हसून लोळायचा. म्हणायचा, "उद्या उंटाला स्वेटर शिवा."

टायरचं दुकान मोठं होतं. नव्या नियमानं विक्रीच्या जागेवर सौदी माणूस ठेवावा लागे, त्यामुळं काउंटरवर फहद नावाचा तिशीचा, नीटनेटका माणूस होता. कामावर येऊन त्याला आठवडाच झाला होता. आपांनी बर्फाचे टायर मागितले. त्यानं उत्साहानं मोठे, उंच खाचांचे वाळूतले टायर दाखवले आणि सांगितलं, "हे कुठंही चालतात. हवा थोडी कमी करा म्हणजे झालं."

"हवा वाळूत कमी करतात, बाळा. बर्फावर नाय," असं काहीसं आपा अरबीत म्हणाल्या आणि खाली बसून टायरची कडा वाचू लागल्या. इंजेक्शनची बाटली उजेडाकडं धरून वाचावी तशा. "हे चार आकडे बघ. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. हा टायर सहा वर्षांचा. पेशंटला मी सहा वर्षांचं औषध देईन काय?"

दुसरा कोणी असता तर चिडला असता. फहद खरंच खाली बसला. दोघं मिळून अर्धा तास दुकानभर टायर वाचत फिरत होते आणि मी दोघांच्या मागं. शेवटी तो, मावशीला हाक मारावी तसं, सरळ म्हणाला, "खाला, डोंगराच्या चित्राचा एकही टायर आमच्याकडं नाही. जॉर्डनहून मागवतो. पण तुमची गाडी पुढच्या चाकांवर ओढते, तर दोनच घ्या ना." आपांनी मान हलवली. "पुढची दोन थांबली आणि मागची दोन घसरली तर गाडी फिरेल. चार पायांच्या बकरीला दोनच पायांत बूट घालतात काय? चार हवेत."

तीन आठवड्यांनी चार टायर आले. आपांनी चारही वाचले. तीन ताजे निघाले, चौथा पाच वर्षांचा. त्यांनी तो परत केला आणि आणखी दहा दिवस वाट पाहिली. तोवर थंडी सरली होती. नवऱ्याला हसायला आणखी एक कारण मिळालं. आपांना मात्र काही वाटलं नाही. उन्हात तो मऊ रबर लोण्यासारखा झिजतो, म्हणून त्यांनी चारही टायर क्वार्टरच्या गॅलरीत उभे करून त्यांवर जुनी चादर घातली आणि नऊ महिने तिथंच ठेवले. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "पाहुणे आहेत. डिसेंबरात कामाला लागतील."

त्याच सुमारास केंद्रात हनान आली. सौदी, नुकतीच नर्सिंग शिकलेली, उंच, अतिशय लाजरी. तिला तयार करायचं आणि मग आपांची जागा तिला द्यायची, हे सरळ लिहून आलं होतं. आपा तिला रोज शिकवायच्या. सलाइनची सुई कशी धरायची, घाबरलेल्या म्हातारीशी काय बोलायचं, रात्रपाळीनंतर पाय कसे वर ठेवायचे, सगळं. मी एकदा चिडून म्हटलं, "आपा, जरा हातचं राखून शिकवा की. ती तयार झाली की तुम्हाला घरी पाठवतील."

आपांनी माझ्याकडं पाहिलं. "हातचं राखलं तर पेशंटचं राखलं जाईल, बाय. तो बिचारा कोणाचा? माजा की तिचा?"

माझ्याही खिडकीवर रीम नावाची एक सौदी मुलगी शिकायला बसत होती आणि मी तिला औषधांची कपाटं दाखवली होती, पण कुठलं औषध कुठल्या औषधाबरोबर द्यायचं नाही, याची माझी वही दाखवली नव्हती. आपांना ते माहीत होतं की नाही, मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी वही रीमच्या समोर ठेवली आणि म्हटलं, "बस. आज सगळं बघू." ती इतकी खूश झाली की मला माझीच लाज वाटली.

पुढच्या जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी आम्ही दार उघडलं तर बाहेर सगळं पांढरं. हनान लहान मुलीसारखी ओट्यावरून उडी मारून उतरली. मी फोटो काढत होते. तेवढ्यात एक पिकअप आली. गावातला एक शेळ्यांचा मालक आपल्या गुराख्याला घेऊन आला होता. आदम नावाचा सुदानी, साठीचा, आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा. रात्री थंडी म्हणून त्यानं पत्र्याच्या खोलीत कोळसे पेटवले होते आणि दार लावून झोपला होता. आता त्याला धड बसताही येत नव्हतं, बोलणं तुटक, सारखा झोपेत जायचा.

हनाननं त्याच्या बोटाला प्राणवायू मोजायचं यंत्र लावलं. आकडा अठ्ठ्याण्णव आला. "ठीक आहे," ती सुटकेनं म्हणाली. मलाही बरं वाटलं.

"काही ठीक नाय," आपा म्हणाल्या. "कोळशाच्या धुरापुढं हे यंत्र फसतं. त्याला धूर आणि प्राणवायू सारखेच दिसतात. आकडा नको वाचू, माणूस वाच. मास्क लाव, प्राणवायू पूर्ण सोड."

डॉक्टर सुट्टीवर खाली गेले होते, ते बर्फामुळं तिथंच अडकलेले. फोनवर म्हणाले, ताबडतोब हॉस्पिटलला आणा. रुग्णवाहिका निघाली, पण डोंगराच्या पायथ्याशी थांबली, चाकं जागच्या जागी फिरताहेत, वर येणं शक्य नाही. आमच्याकडं छोटे दोन सिलिंडर होते. दोन्ही मिळून जेमतेम दोन तास. पायथा नऊ किलोमीटरवर.

आपांच्या गाडीला डिसेंबरपासून ते चार टायर होते. त्यांनी किल्ली काढली आणि हनानला म्हणाल्या, "यल्ला, चल. आज पेशंट तुझा, गाडी माझी."

हनान पांढरी पडली. आजवर आपा शेजारी नसताना तिनं असा पेशंट हाताळला नव्हता. "खाला, मी..."

"तू. मागं मी बघणार नाय. मना रस्ता बघायचाय. तू मोठ्यानं सांगत राहा."

आदमला मागच्या सीटवर आडवं केलं, हनान त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, सिलिंडर माझ्या पायाशी. उतार सुरू होण्याआधी सपाटीवर आपांनी एकदा ब्रेक दाबून पाहिला. गाडी थांबली, सरळ. "बिस्मिल्ला," म्हणाल्या आणि खालच्या गिअरमध्ये गाडी सोडली. बैलगाडीच्या वेगानं आम्ही उतरत होतो. मी म्हटलं, "आपा, टायर चांगले आहेत, जरा पटकन..." त्या समोर बघतच म्हणाल्या, "टायर चांगले हायत म्हणून पोचणार. घाई केली तर चांगले टायर चांगल्या दरीत जातील."

मागून हनानचा आवाज येत होता, आधी थरथरता, मग ठाम. "श्वास वीस. नाडी एकशे दहा. डोळे उघडले. आदम, माझ्याकडं बघा. तुमच्या शेळ्यांची नावं सांगा." आणि आदम तुटक तुटक शेळ्यांची नावं सांगत होता.

एका वळणावर एक मोठी जीप आमच्या मागून भोंगा वाजवत पुढं गेली. तिला तेच उंच खाचांचे वाळूतले टायर होते. पुढच्या वळणावर ती सावकाश गोल फिरली आणि डोंगराच्या अंगाला नाक लावून उभी राहिली. आत दोन तरुण, धडधाकट, फक्त ओशाळलेले. आपांनी काच खाली केली. "लागलं काय? नाय ना? गाडीतच बसा, पोलिसांना फोन करा. आणि आत कोळसे पेटवू नका." काच वर. गाडी पुढं.

सगळ्यांत अवघड वळणावर मात्र आमचीही गाडी सरकली. मी सिलिंडर घट्ट धरला. आपांनी ब्रेकला पायच लावला नाही. स्टिअरिंग हलकेच वळवून त्या वाट बघत राहिल्या, ओठ हलत होते. एक क्षण, दोन क्षण, आणि खाली रबरानं रस्ता धरल्याचं मला कमरेत जाणवलं. आपांच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता. त्या भितात हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

पाऊण तासानं पायथा आला. रुग्णवाहिकेतल्या माणसांनी आदमला उचललं. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "पेशंटबरोबर कोण?" आपांनी हनानकडं बोट दाखवलं. हनाननं न अडखळता सगळं सांगितलं, वेळा, श्वास, नाडी, धुराची शंका, आणि यंत्राच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका हेही. रुग्णवाहिका गेल्यावर आपा गाडीच्या बोनेटला टेकल्या आणि म्हणाल्या, "बाय, आता चहा कर. नाय, चहा इथं कुठला? मग नुसती उभी राहा माज्याजवळ."

आदम बरा झाला. पंधरा दिवसांनी तो एका बाटलीत शेळीच्या दुधाचं तूप घेऊन आला. आपांनी बाटली उलटसुलट केली. "ह्याच्यावर काहीच लिहिलेलं नाय," त्या म्हणाल्या, आणि तिथंच झाकण काढून बोट बुडवून चाखलं. नवरा त्या दिवसापासून टायरांबद्दल काही बोलला नाही. उलट पुढच्या हिवाळ्याआधी तो स्वतःच फहदच्या दुकानात जाऊन आला. फहद आता प्रत्येक गिऱ्हाइकाला खाली बसवून टायर वाचायला लावतो, अशी बातमी त्यानंच आणली.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आपांच्या नावानं केंद्राकडं पत्र आलं. करार वाढणार नव्हता. केंद्राची मुख्य नर्स हनान. मला रडू आलं, राग आला, मी काय काय बोलले. आपा कपडे घडी करत होत्या. म्हणाल्या, "रागवायचं कशाला? पोरगी तयार झाली. तयार झाली नसती आणि मना ठेवली असती, तर लाज वाटली असती." थोड्या वेळानं मात्र घडी केलेला तोच झगा त्यांनी परत उलगडला आणि परत घडी केला. "पंचवीस वर्षं म्हणजे थोडी नायत, बाय," एवढंच म्हणाल्या.

विमानतळावर आम्ही सकाळी गेलो. हनान आईला घेऊन आली होती. तिनं वाकून आपांच्या कपाळाचं चुंबन घेतलं, तिकडं वडीलधाऱ्यांचं घेतात तसं, आणि हुंदके देऊन रडू लागली. काचेपलीकडच्या अधिकाऱ्यानं आपांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आणि कायमचं जाण्याचा कागद पाहिला. इतकी वर्षं बघून त्यानं मान वर केली आणि आदरानं विचारलं, "खाला, का चाललात?"

आपांनी मागं वळून हनानकडं पाहिलं. "माझं काम आता तुमच्या इथल्या मुलीला येतं," त्या म्हणाल्या.

अधिकाऱ्यानं शिक्का मारला आणि पासपोर्ट दोन्ही हातांनी परत दिला. आपा आत जाताना हनानला अरबीत ओरडून म्हणाल्या, "रडतेस काय! उद्या सकाळी ड्यूटी आहे. लवकर झोप." आणि आपल्या त्या धावत्या चालीनं, बॅग ओढत, त्या दिसेनाशा झाल्या.