गोलांचा तास

"पेन उचलायचं नाही, बाप्पा. गोलाला गोल लागू दे." समोरचा माणूस घाबरलेला दिसला की दादा त्याच्यापुढे कागद सरकवत आणि एवढंच म्हणत.

अमेरिकेतल्या बॉथेलच्या आमच्या ऑफिसात ते सॉफ्टवेअर टेस्टर होते. मूळचे नागपूरचे, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, आणि मी त्यांची टीम लीड. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. प्रमोशनच्या यादीत कधी दिसत नाही, पण कोणाचा चेहरा उतरलाय हे त्याला सगळ्यांआधी कळतं.

माझ्या पहिल्या मोठ्या डेमोच्या दिवशी मी पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिले होते. हात गार, छातीत धडधड. दादांनी काचेवर टकटक केलं आणि शेजारी येऊन बसले. विचारपूस नाही, उपदेश नाही.

"डाव्या हाताकडे बघ. कागदाकडे बघायचं नाही. दिसतो तसा काढ."

मी काढलेला हात थेट वांग्यासारखा झाला.

"भरताचं आहे," ते गंभीरपणे म्हणाले.

मला हसू फुटलं. धडधड कधी थांबली कळलंच नाही.

पुढे दोन वर्षांनी ले-ऑफची कुजबुज सुरू झाली. लोकांना जेवण जाईना. मॅनेजरने मला आत बोलावून यादी दाखवली आणि कोणाला सांगायचं नाही अशी ताकीद दिली. यादीत दुसरं नाव दादांचं होतं. मी उठले, तेवढ्यात तो म्हणाला, "टीम फार स्ट्रेसमध्ये आहे. तुझ्या त्या माणसाला ड्रॉइंगचं एक सेशन घ्यायला सांग ना."

मी सांगितलं. हो, मीच.

दादा हरखले. मुलीचे जुने क्रेयॉन घेऊन आले. कॉन्फरन्स रूममध्ये बावीस माणसं शाळेतल्यासारखी बसली. "श्वास घेताना अर्धा गोल, सोडताना अर्धा. घाई नाही." खोली हळूहळू शांत झाली. मॅनेजरने फोटो काढले. माझा एकही गोल जुळत नव्हता. दादा वाकून हळूच म्हणाले, "घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे, दादा."

त्यांनी पहिला गोल मला काढून दिला.

पुढच्या आठवड्यात सकाळी त्यांचा लॅपटॉप उघडेना. इतकी वर्षं राहूनही ते व्हिसावरच होते. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर परत भारतात. मुलगी अकरावीत. साठ दिवस संपले, नोकरी मिळाली नाही.

ते निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. हॉलभर खोके होते. वहिनींनी पाणी दिलं आणि त्या आत गेल्या.

"तुला कधी कळलं होतं?" दादांनी विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. जमलं नाही. "सेशनच्या आधी."

त्यांनी एक खोका पुढे ओढला. मग म्हणाले, "त्या दिवशी माझा दुसरीकडे इंटरव्ह्यू होता. कॅन्सल केला. म्हटलं, सेशन घ्यायला सांगताहेत म्हणजे आपण सेफ आहोत."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ते खोक्याला टेप लावू लागले. टेपचं टोक सापडत नव्हतं, ते नखाने चाचपत राहिले. मी मदतीला हात पुढे केला.

"राहू द्या, मॅडम," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधीच मॅडम म्हटलं नव्हतं.