वैजनाथनं गुपचूप बसवलेलं टूल

वसमतच्या बालाजीशेठच्या ऑफिसात सपना कामाला लागली आणि वैजनाथच्या पोटात जे दुखायला लागलं, ते ओव्यानंही थांबेना. हळदीच्या अडतींवर पावत्या काढायचं सॉफ्टवेअर पहिल्यापासून तोच सांभाळायचा. कुठं अडलं की गाडीला किक मारायची, अडतीवर जाऊन एकेक टूल, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, हातानं बसवायचं, चहा प्यायचा आणि "वैजनाथभाऊ, तुमी हाय म्हणून चाललं" हे ऐकून माघारी यायचं. कुरुंद्याच्या या पोरीनं सगळी टूलं एका इमेजमध्ये भरली. इमेज म्हणजे साचा. त्यातून पाहिजे तिथं कंटेनर, म्हणजे साच्यातून निघालेली चालती प्रत, उभा करायचा, टूलं आत तयारच. वैजनाथला आता कुणी बोलवीना.

"पोरगी लय हुशार हाय, न्हाई का रे?" शेठ विचारायचे.

"व्हय," म्हणून तो माउसवर राग काढायचा.

एका सकाळी अडतीवरून फोन आला. माप होऊन राहिलं, पण पावती निघंना. वैजनाथनं पाहिलं, तर सपनाच्या नव्या इमेजमध्ये पावती छापायचं टूलच राहिलेलं! लग्न जमल्यासारखा आनंद झाला त्याला. ती समोरच बसली होती; सांगितलं नाही. चालू कंटेनरात शिरून त्यानं गुपचूप टूल बसवलं. पावत्या धडाधड निघाल्या.

"जुनं ते सोनं!" शेठ म्हणाले. वैजनाथनं तिरक्या डोळ्यानं सपनाकडं पाहून घेतलं.

दुपारी लाईट गेली. आली तेव्हा सर्व्हरनं इमेजमधून नवाकोरा कंटेनर उभा केला आणि पावत्या पुन्हा बंद. अडतीवर ट्रॅक्टरांची रांग लागली.

"आरं, सकाळी केलंस तरी काय तू?" शेठ कडाडले.

सपनाच्या ध्यानात आलं. "दादा, टूल चालत्या कंटेनरात टाकलं व्हय? पोळ्याच्या मातीच्या बैलाला रंग दिल्यावर साचा रंगतो का? मला काहून न्हाई सांगितलं?"

काहून, ते त्याला बराबर ठाऊक होतं.

"चूक माझीच हाय, शेठ. माझ्याकडूनच राहिलं," ती म्हणाली. "दादा, कोणतं टूल ते सांगा, साच्यातच लिहिते."

सांगितलं की तेही तिच्याच साच्यात जाणार. न सांगावं, तर फोन वाजतच होता. त्यानं खुर्ची ओढली. "सरक. मी लिहितो. कुठं लिहायचं तेवढं दाखव."

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. ते बोटसुद्धा त्याला हुशार दिसलं. दात खाऊन त्यानं ओळ लिहिली, नवी इमेज तयार झाली, पावत्या सुरू झाल्या.

"कुणी केलं?" शेठनं विचारलं.

"दादांनी," सपना म्हणाली.

हे तर त्याला अजूनच झोंबलं.