घाई केली की फसफसतं

सोड्याची बाटली तो एकदम कधी उघडत नसे. झाकण जरासं फिरवायचं, फस्स झालं की आवळायचं, थांबायचं, पुन्हा फिरवायचं. नवागामच्या आमच्या गल्लीतला सोडेवाला वैतागायचा. "भाई, सोडा छे, बॉम्ब नथी!"

"घाई केली की फसफसतं," तो म्हणायचा.

त्याचं कामच तसं होतं. समुद्राच्या तळाशी एक पोलादी घर. शास्त्रज्ञ त्यात आठवडेच्या आठवडे राहून प्रवाळांचा अभ्यास करतात. धुळ्याकडून आलेल्या लूम कामगाराचा हा मुलगा त्यांतला एक. तिथल्या दाबात हवा रक्तात मुरते. वर येण्याआधी तो दाब हळूहळू उतरवावा लागतो, त्यात अख्खी रात्र जाते. नाहीतर रक्ताचाच सोडा होतो. हे त्यानेच मला बाटली दाखवत सांगितलं होतं.

त्याची आई विचारायची, "तठे काय शे रे, भाऊ?"

"माय, तठे घाई नही."

वडिलांची रीत वेगळी. शेठ रजा देत नाही, म्हणून गल्लीतले सगळे सांगतात तेच तेही सांगत: माय शिरीयस. लग्न असो, पेरणी असो, माय शिरीयस. तुमच्याही ओळखीत अशी घरं असतील. तो हसायचा. "आमच्यात शिरीयस म्हणजे मायला शिंक आली."

त्या खेपेला रविवारी मुलीकडचे त्याला बघायला येणार होते आणि तो पाण्याखाली. वडिलांनी किनाऱ्यावरच्या कंट्रोल रूमला फोन लावला. "उसको बोलो, माय शिरीयस है." फोन घेणारा सभ्य माणूस होता. त्याने खाली कळवलं, "आपकी माताजी की हालत बहुत नाज़ुक है."

'शिरीयस' हा शब्द खाली पोचलाच नाही.

दाब उतरवायची तयारी सुरू झाली. तो थांबला नाही. तळाचं दार उघडून बाहेर पडला आणि सरळ वर आला. बोटीवर घेतलं तेव्हा एकच विचारत होता, "माँ कैसी है?" इस्पितळापर्यंत तो पोचला नाही. त्याला घेऊन आलेल्या सहकाऱ्याने आम्हाला हे सांगितलं.

त्या वेळी आई पाहुण्यांसाठी शेव पाडत होती.

वडील भेटेल त्याला सांगत राहिले, "मी तं शिरीयस म्हनेल व्हतं. त्याले समजतं ना!"

आता ते पाळीवर जाताना एक बाटली घेतात. झाकण जरासं फिरवतात, आवळतात, पुन्हा फिरवतात. सोडेवाला मान वर करत नाही. आवाज पुरता थांबला की भरलेली बाटली तशीच फळीवर ठेवून ते निघून जातात.