फियाट आधी पोचली, आणि मी तोंड लपवलं

अँबेसिडर बरी की फियाट, असं वाचक मला अधूनमधून विचारतात. मी उत्तर टाळते. का टाळते ते सांगायचं तर सौंसर-पांढुर्णा प्रवासाचं लिहावं लागेल.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. नोकरीसाठी पुण्याहून नागपूरला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. ऑफिसातली शोभा मध्य प्रदेशातल्या सौंसरची. तिचं साक्षगंध, म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा, पांढुर्ण्याला मुलाच्या घरी ठरलं. "तुझी फियाट आण, माझी साडी तरी चुरगळनार नाही," ती म्हणाली. मला गाडी काढायला निमित्तच हवं असायचं.

आदल्या दिवशी सावनेरवरून सौंसर गाठलं. रस्ता अरुंद, खड्डे भरपूर, दोन्हीकडे संत्र्याच्या बागा. संध्याकाळी शोभाचे वडील, बाबूजी, आपली काळी अँबेसिडर पुसत होते. मी लगेच फियाटचं पिकअप, अ‍ॅव्हरेज, गल्लीत वळणं असं सगळं ऐकवलं.

"तुमची फियाट म्हनजे हातातली पर्स आहे, बाई," ते म्हणाले. "हे घर आहे. माझ्या अँबेसिडरले आजवर कोनी नावं ठेवली नाही."

सकाळी पंपापर्यंत त्यांची गाडी मीच चालवली. स्टिअरिंग जड, ब्रेकवर उभंच राहावं लागे; पण खड्डे कंबरेपर्यंत पोचतच नव्हते. डिकीत फळांच्या टोपल्या, मिठाई, सतरंजी सगळं मावलं. निघताना आत घरची सगळी वडीलधारी मंडळीही बसली. माझ्या डिकीत दोन पिशव्यांतच दाटी झाली असती. तरीही हार मानायची माझी तयारी नव्हती.

ठरलं असं: जामसांवलीला दर्शन घ्यायचं आणि तिथून दोन्ही गाड्या बरोबर न्यायच्या. मी अर्थातच शोभाला घेऊन पुढे सुटले. वाटेत हार-फुलं घ्यायला थांबलो, तेवढ्यात अँबेसिडर पुढे गेली असेल, असं मला वाटलं. शोभा निजलेल्या मारुतीच्या दर्शनाला आत गेली. मी नारळवाल्याला विचारलं, "सौंसरची काळी अँबेसिडर आली होती का?"

"येऊन राहिले जी," तो म्हणाला.

येऊन राहिले! म्हणजे आले, थांबले आणि गेलेही, असं माझ्या पुणेरी कानांनी ठरवलं. शोभाला म्हटलं, "नारळवाला म्हणतो, बाबूजी पुढे गेले गं. बस लवकर." त्यांना गाठायला मी फियाट अशी पिटाळली की शोभा मागे साडी आणि जीव दोन्ही धरून बसली होती.

पांढुर्ण्याला मुलाच्या दारात मांडव होता, माणसं होती. अँबेसिडर नव्हती.

"पोरगी एकटीच आली काय व?" मुलाच्या आजीनं विचारलं. कोणीतरी हसलं, "लय घाई झाली दिसते!"

वडिलांआधी मुलगी दारात. ओवाळायचं ताट कोणी पुढे आणेना. आजी आत निघून गेल्या. शोभा तापलेल्या गाडीत मान खाली घालून बसली.

"काय म्हनला होता तो नारळवाला?" तिनं हळूच विचारलं. मी शब्द सांगितले.

"अवं, येऊन राहिले म्हनजे येत आहेत!"

मला स्टिअरिंगखाली शिरावंसं वाटलं. हे जुळलेलं माझ्यामुळे मोडलं तर?

बऱ्याच वेळानं अँबेसिडर आली, बॉनेटमधून वाफ सोडत. वाटेत इंजिन तापलं होतं. पुढच्या बसवाल्याकडून त्यांनी जामसांवलीच्या नारळवाल्याकडे, आम्ही येतोय, असा निरोपही धाडला होता. मी धावत जाऊन बाबूजींना सगळं सांगितलं. आजी दारात आल्या होत्या. बाबूजींनी टोपी काढली, हात जोडले.

"पोरीले मीच पुढे धाडलं. माझी गाडी भंगार झाली आहे, आजी. फियाटच चांगली. या बाईच्या भरवशावर पोरगी धाडली."

आजींनी ताट मागवलं. मी सगळ्यांच्या मागे उभी राहिले.

परतताना संत्र्यांची टोपली त्यांनी स्वतः माझ्या डिकीत ठेवली. नागपूरपर्यंत गाडीत तोच वास होता आणि मला काचा उघडून तो घालवायचाही धीर झाला नाही.

शोभाचं लग्न झालं, संसार चांगला चालला. फियाट कधीच विकली. तेव्हा वाचकहो, फियाटच चांगली, असा निकाल लागलेला आहे, तोही अँबेसिडरच्या मालकाकडून, चारचौघांत. माझं मत तेवढं विचारू नका.