फाटकाकडे पाठ

रायभान आबांना बागेची राखण मिळाली तेव्हा गल्लीत हसू झालं. राणीसावरगावच्या माळावर मेंढरांमागं जन्म गेलेला माणूस, त्यानं आता घसरगुंडी आणि जास्वंदी राखायची! गुडघे बोलू लागले म्हणून आबांनी कळप पुतण्याच्या, सितारामच्या, हवाली केला होता आणि ते तालुक्याच्या गावी मुलाकडे, आदिनाथकडे, येऊन राहिले होते. दोन खोल्यांत त्यांचा जीव रमत नव्हता, हे खरं. पण राखणीचं काम त्यांनी मागून घेतलं ते नातीसाठी.

दिपाली पोलीस भरतीची तयारी करत होती. पळायला जागा कुठली? रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, मैदानावर बाजार. बागेच्या कडेनं मातीची गोल वाट होती, तिच्यावर ती पहाटे अनवाणी पळायची. बुटांत पाय जड होतात म्हणायची. पण रात्री त्याच बागेत पत्ते, दारू, गांजा, सगळंच चालायचं. शेवटी नगरपालिकेनं ठरवलं, दिवेलागण झाली की बाग बंद आणि फाटकावर राखणदार. हे कानावर येताच आबा पागोटं बांधून पालिकेच्या मुकादमाच्या, नागनाथच्या, दारात जाऊन बसले.

"मामा, या वयात जमंल का?" नागनाथनं विचारलं.

"लांडग्याला दाद दिली न्हाई म्या. बेवड्यांचं काय सांगायलास?"

पहिल्या संध्याकाळी आबांनी काठी आडवी धरली, तोंडानं हुर्र-हुर्र केलं आणि बागेतली सगळी माणसं कडेकडेनं हाकत फाटकाबाहेर काढली. नवं लग्न झालेलं एक जोडपं बाकावर रेंगाळलं होतं, त्यांनाही सोडलं नाही. मग कुलूप घातलं, फाटकाबाहेर बाज आडवी टाकली आणि रस्त्याकडे तोंड करून घोंगडं पांघरलं. मेंढके असेच निजतात. खुंट्या ठोकून मेंढरांभोवती सुतळीचं जाळं उभं करायचं, त्याला वाघर म्हणतात. आणि वाघरीच्या तोंडाशी, कळपाकडे पाठ करून आडवं व्हायचं. संकट येणार ते बाहेरूनच, ही आबांची जन्माची खात्री होती.

फाटकातून खरंच कुणी गेलं नाही. आबा घरी येऊन सुनेला, दैवशालाला, सांगायचे, "चिटपाखरू आत जाऊ दिलं न्हाई." रात्री पाठीमागून हसण्याचे आवाज यायचे, ते त्यांना पलीकडच्या वस्तीतले वाटायचे. फाटक बंद होतं ना!

आणि एका पहाटे दिपाली किंचाळली. आबा धावले. ताज्या फुटक्या बाटलीची काच तिच्या टाचेत घुसली होती. लिंबाखालच्या कोपऱ्यात मागची भिंत पडलेली होती, तिथून मंडळी रोज आत येत होती. उलट आबांनी बाग रिकामी करून दिल्यानं त्यांची सोयच झाली होती. बाहेर राखणदार बसलेला, आत यांचा डाव निवांत!

घरी आदिनाथ भडकला. मोंढ्यात हमाली करणारा माणूस, पायाची किंमत त्याला ठाऊक. "बास झालं पळणं! पाय गेल्यावर कशाची भरती? उद्यापासून बागेत जायचं न्हाई."

टाके घालताना दिपालीनं हूं की चूं केलं नव्हतं. आता मात्र ती ढसाढसा रडली. 

"माझंच चुकलं, पोरी," ते म्हणाले. "जिला राखायचं, तिच्याकडंच पाठ केली म्या."

त्यांनी सितारामला सांगावा धाडला. त्याचा कळप पोखर्णीकडे होता. तो एक जुनी वाघर आणि ढाण्या नावाचं म्हातारं कुत्रं घेऊन आला. आबांनी भिंतीच्या खिंडारात वाघर ताणली, ढाण्याला बांधलं आणि बाज तिथं नेऊन टाकली. यावेळी तोंड बागेकडे, कान भिंतीकडे आणि पाठ फाटकाकडे.

अंधार पडताच मंडळी आली. ढाण्या असा भुंकला की बाटल्या टाकून सगळे पळाले. एकाचा पाय तेवढा वाघरीत गुंतला. आबांनी बॅटरी मारली, तर गल्लीतला बबलू!

"मेंढरू अडकलं तर गप ऱ्हातं, तू काऊन धडपडायलास?" आबांनी त्याचा पाय सोडवला, पण चपला ठेवून घेतल्या. "सकाळी काचा येचायला ये, मग घिऊन जा. न्हाई आलास तर तुझ्या मायकडं नेऊन दीन."

माय म्हटल्यावर बबलूची पाचावर धारण बसली. सकाळी तो मुकाट्यानं आला आणि त्यानं आबांबरोबर वाकून अख्खी वाट वेचून काढली. त्याचे सोबती पुन्हा काही फिरकले नाहीत, आणि पुढे नागनाथनं खिंडारही बुजवून घेतलं.

दिपालीच्या टाचेची जखम भरली. आदिनाथ मात्र हटून बसला. शेवटी एका पहाटे आबा त्याला ओढतच बागेत घेऊन गेले. वाटेच्या तोंडाशी त्यांनी आपल्या जाडजूड वहाणा काढल्या.

"रानात ह्या कदी काढल्या न्हाईत म्या," ते म्हणाले, "आज काढायलोय."

आणि ते अनवाणी चालू लागले. पावलं सरळ टाकत, जिथं बाटल्या फुटायच्या तिथं मुद्दाम पाय दाबत. एक फेरा झाला, दुसरा सुरू झाला. गुडघ्यांमुळे ते लंगडत होते. आदिनाथला बघवेना.

"आबा, बास करा. गुडगे दुखतील."

"दुखू दे. मातीच हाय खाली, दुसरं काय न्हाई."

आदिनाथ वळून घराकडे निघून गेला. आबांचं मन खट्टू झालं. आपण घातलेला घोळ आपल्यालाच निस्तरता येईना, असं वाटून ते बाजेवर टेकले. तळव्यांना माती लागली होती, ती त्यांनी झटकलीही नाही.

थोड्या वेळानं फाटक करकरलं. ढाण्यानं मान वर केली, पण भुंकला नाही. आबांनी वळून पाहिलं. दिपाली अनवाणी आत येत होती, आणि तिच्या मागं आदिनाथ होता, लेकीच्या चपला हातात घेऊन.