सासूचा उष्टा चमचा

माझ्या सासूला मी अहो-जाहो करत नाही. तोंडावर इंग्रजीत बोलायचं असल्यामुळे तो प्रश्न कधी आलाच नाही, आणि पाठीमागे मी तिला सरळ 'ती' म्हणते. पुण्याहून आई दर फोनला टोकायची की अगं, सासूबाई म्हणावं. मी सांगायचे, म्हणेन, आधी तिला तसं वागू तर दे.

ती इटालियन. लहानपणी आईबापांबरोबर इंग्लंडला आली. वडील बेडफर्डजवळ विटांच्या कारखान्यात कामाला होते. लग्न होऊन वॉटफर्डला आली ती तिथलीच झाली. तिच्या एकुलत्या एक मुलाशी मी लग्न केलं, ऑफिसातल्या ओळखीतून, आणि तिच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आम्ही घर घेतलं. ही कल्पना कोणाची होती ते सांगायला नको.

मी सांगतेय तो काळ दोन हजार सहा-सातचा. मुलगी पाच वर्षांची होती. मी सकाळच्या ट्रेनने लंडनच्या युस्टनला आणि तिथून पुढे सिटीत, एका बँकेच्या सॉफ्टवेअरच्या कामाला. शाळा सुटली की मुलीला सासू घरी आणायची आणि मी पोचेपर्यंत ठेवून घ्यायची. फुकट सांभाळते, नशीब समज, असं मला सगळे ऐकवायचे. त्यात माझा नवराही आला. पण त्या वर्षी मुलगी माझ्या हातचं खाईनाशी झाली, आणि ते कोणाला दिसत नव्हतं.

नखरे नव्हते ते. नखरे मला कळतात, मी स्वतः लहानपणी भरपूर केलेत. ही गप्प बसायची. मऊ वरण-भात, वर तूप, लिंबू, पोळीचा कुस्करा गूळ घालून, साबुदाण्याची खिचडी, काही करा, ताटाकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि ओठ घट्ट मिटायची. मग टोस्ट मागायची. पाकिटातलं चीज, सफरचंद, दही, असलं मी न शिजवलेलं सगळं खायची. आणि त्याच मुलीने दुपारी नोनाकडे, म्हणजे आजीकडे, काय काय चापलं त्याची बातमी मला सासू रोज संध्याकाळी दारातच द्यायची, हाताने वाडग्याचा आकार दाखवून. आज एवढं खाल्लं. परत मागून घेतलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तिला आजीचं जेवण आवडतं, त्यात काय बिघडलं. म्हणजे त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला.

आता सासूच्या स्वयंपाकाबद्दल सांगते, कारण खरं दुखणं तिथे आहे. ती रांधते उत्तम, हे मी नाकारत नाही. रविवारी चर्चमधून आली की एप्रन बांधायची आणि मोठ्या पातेल्यात टोमॅटोचा रस्सा चढवायची. पण लाकडी चमच्याने ढवळलं की तोच चमचा फुंकर मारून तोंडात. सुर्र करून ओढायचं, मागची बाजूही चाटायची आणि चमचा पुन्हा पातेल्यात. थोडं मीठ, पुन्हा तोंडात, पुन्हा पातेल्यात. जेवण तयार होईपर्यंत हे चालायचं.

मी ज्या घरात वाढले तिथे स्वयंपाक चाखत नाहीत. नैवेद्य दाखवायच्या आधी तर सोडाच, एरवीही नाही. मिठाचा अंदाज हाताला असतो, आमटी उकळली की वासावरून कळतं काय कमी आहे. अगदी अडलंच तर पळीने दोन थेंब तळहातावर टाकून घ्यायचे, आणि पळी ओठाला लागता कामा नये. माझी आजी देवाधर्माची फारशी नव्हती, पण पातेल्यात उष्टा चमचा घातला असता तर तिने अख्खी आमटी मोरीत ओतली असती आणि घालणाऱ्यालाही तिथेच उभं केलं असतं.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी सासूने माझ्यासाठी म्हणून वेगळा पदार्थ केला होता, मी मांस खात नाही म्हणून. छोले आणि पास्ता, लसणाची फोडणी, रोझमेरी, वरून ऑलिव्हचं तेल. वास असा सुटला होता की तोंडाला पाणी सुटावं. तेवढ्यात तिने तो चमचा चाटला आणि आत बुडवला. माझं पाणी जागच्या जागी आटलं. पोट बिघडलंय असं सांगून मी ब्रेड खाल्ला. पुढच्या रविवारी उपास सांगितला. त्यानंतर आमच्या सगळ्या देवांचे उपास रविवारीच यायला लागले. ब्रेड, सॅलड, फळं, कॉफी, एवढ्यावर मी त्या टेबलावर वर्षानुवर्षं काढली. ती दर वेळी माझ्यासाठी ते छोले करायची आणि मी दर वेळी नको म्हणायचे. आमच्यात याहून जास्त बोलणं नव्हतं.

मुलीला मात्र त्या पदार्थाने वेड लावलं होतं. बटाट्याच्या छोट्या गोळ्यांच्या न्योकी आवडायच्या, वांग्याचे काप थर लावून भाजायची तेही आवडायचं, पण सगळ्यात वर नोनाचे छोले-पास्ता. म्हटलं ठीक आहे. तुला नोनाचंच जेवण हवं ना, मग मी तेच करून घालते. दारात उभ्या उभ्या सासूला कृती विचारली. तिने सांगितली, प्रमाण विचारलं तर म्हणाली, लागेल तेवढं. जाताना बागेतली रोझमेरीची एक काडी तोडून दिली. मला तेव्हाच संशय आला, ही इतकी गोड का वागतेय.

छोले भिजत घातले, कुकरला लावले, अर्धे ठेचून घेतले, जसं सांगितलं तसं. नवरा जेवला, म्हणाला, जवळजवळ तसंच झालंय. मुलीने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ओठ मिटले. पुढच्या आठवड्यात पुन्हा केलं. पुन्हा तेच. न्योकी करून बघितल्या, लाटून, कापून, काट्याच्या टोकावर एकेक वळवून. त्या गार होऊन ताटात चिकटल्या. आईला कॉलिंग कार्डावरून फोन लावला तर ती म्हणाली, तिने काहीतरी लपवलंय तुझ्यापासून, नाही तर दृष्ट लागलीय पोरीला, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाक. मी तेही केलं. ओवाळलेल्या मोहऱ्या-मिरच्या गॅसवर टाकल्या, तर स्मोक अलार्म असा कोकलला की शेजारची म्हातारी काठी टेकत दारात आली.

शेवटी एका शुक्रवारी रजा टाकून मी सासूच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. म्हटलं, दाखव, मला डोळ्यांनी बघायचंय. तिने खांदे उडवले आणि कामाला लागली. मी पोलिसासारखी तिच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवून होते. काहीही लपवलेलं नव्हतं. तेच छोले, तोच लसूण, तीच रोझमेरी. मी करते त्यापेक्षा काही वेगळं होतं तर तो चमचा. तिच्या तोंडात, पातेल्यात, पुन्हा तिच्या तोंडात. आणि शाळेतून आलेली माझी मुलगी शेजारी स्टुलावर चढून चोच उघडून बसलेली. सासूने तोच चमचा तिच्या तोंडात घातला. मी बाहेर बागेत जाऊन उभी राहिले.

त्याच संध्याकाळी मी घरी पुन्हा तो पदार्थ केला, या वेळी बघून आल्यामुळे तंतोतंत. मुलीसमोर ठेवला. ती तिच्या त्या वॉटफर्डच्या मराठीत म्हणाली, "मम्मा, तू कधी नाही चाखत. नोना सांगते, बनवताना जो चाखत नाही त्याची जेवण नाही खायची."

का नाही खायचं, असं मी विचारलं. ती म्हणाली, कारण त्यात काहीतरी वाईट असतं, म्हणून तो स्वतः खात नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हट्ट नव्हता. ती मला घाबरत होती. माझ्या पोटची पोर माझ्या हातच्या ताटाला घाबरत होती. मी ते ताट उचललं आणि तिला टोस्ट करून दिला, कारण दुसरं काही मला सुचेना.

दुसऱ्या दिवशी शनिवार. नवरा मित्रांबरोबर मॅच बघायला गेलेला. मुलीला घेऊनच मी सासूकडे गेले, तिला ठेवणार कुठे. सासूचं पातेलं चढलेलं होतंच. मी विचारलं, माझ्या मुलीला हे तू सांगितलंस का. ती नाही म्हणेल असं मला वाटत होतं. ती नाही म्हणाली नाही.

"इतकी वर्षं तू माझ्या घरी येतेस," ती म्हणाली. "तुझ्यासाठी मी वेगळं भांडं लावते. तू एक घास खाल्ला नाहीस. माझ्या जेवणात विष आहे, असं तू माझ्या मुलासमोर दर रविवारी सांगतेस. मी तुझ्याबद्दल एकदाच सांगितलं."

मी तिला समजवायला गेले. ते अजूनच चिघळलं, कारण उष्टं या शब्दाला इंग्रजीत काही नाहीच. मी मराठी शब्द वापरला, मग हातवारे केले आणि शेवटी म्हणाले, तुझी थुंकी. तिचा चेहरा लालबुंद झाला. म्हणजे मी घाणेरडी, असं ती म्हणाली. मी म्हटलं, आमच्याकडे आधी देवाला देतात, नंतर माणसांनी खायचं. त्यावर ती म्हणाली, आमच्याकडे रांधणारी आधी खाते, काही नासलेलं असलं तर तिला बाधेल, पोराबाळांना नाही. तुम्ही तुमच्या देवाला न चाखता काहीही खायला घालता का. एरवी मला हसू आलं असतं. तेव्हा मला तिचं पातेलं उचलून सिंकमध्ये ओतावंसं वाटत होतं. मी म्हटलं, भांडण माझ्याशी होतं, ते पोरीच्या ताटात का कालवलंस.

तिने चमचा उचलला, चाखला, दोन्ही बाजूंनी चाटला, पातेल्यात बुडवला आणि भरून माझ्यासमोर धरला.

"खा," ती म्हणाली. "तू खा, मग मी तिला सांगते की मम्माचं जेवण खायचं."

मुलगी टेबलाशी उभी राहून बघत होती. मला कळत होतं की हात पुढे करायचा, डोळे मिटायचे आणि गिळायचं, एवढंच आहे. ऑफिसात मी याहून मोठे अपमान गिळले होते. पण हात वर होईना. सासूही हात जराही खाली करत नव्हती. चमच्यातून रस्सा फरशीवर ठिपकत होता. आम्ही दोघी तशाच उभ्या.

मुलगी आमच्या मधे आली. तिने सासूच्या हातातून चमचा घेतला, तोंडात घातला, अर्धं खाल्लं, जीभ फिरवून चमचा नीट चाटला आणि उरलेलं माझ्याकडे धरलं. मराठीत बोलली, सासूला कळणार नाही असं.

"आता हे नोनाचं नाही. मी खाल्ली ना. आता माझी उष्टं आहे. आता खा तू."

पोरांचं उष्टं आमच्यात कोणतीही आई खाते. मुलीने चावलेली बिस्किटं, अर्धी टाकलेली केळी, वितळून हातावर आलेलं आइस्क्रीम, मी सगळं विचार न करता तोंडात टाकत आले होते. त्याला उष्टं म्हणतात हेही मला आठवायचं नाही. तिने ते बघून ठेवलं होतं. मी वाकून तिच्या हातून खाल्लं. चव छान होती, आणि त्याचाही मला राग आला.

सासूने हात बांधले. सुनेला आपला चमचा चाटायला लावला, असं तिला वाटलं. तिने नातीला इंग्रजीत सांगितलं की बघ, मम्मासुद्धा चाखते, आता तिचं जेवण खायचं. मुलीने मान डोलावली. खरं काय झालं ते सासूला आजतागायत माहीत नाही, आणि मी सांगणार नाही. मी माझ्या मुलीचं उष्टं खाल्लं, सासूचं नाही. तिला मी माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

संध्याकाळी घरी मी वरण-भात केला. मुलीसमोर एक घास खाऊन दाखवला आणि ताट तिच्यापुढे ठेवलं. ती सगळं जेवली, परत मागून घेतलं, लिंबाची फोडसुद्धा चोखली. ज्याच्यासाठी मी एवढा जिवाचा आटापिटा केला होता ते समोर घडत होतं, आणि मी माझं ताट बाजूला सारलं. दोन बायका एकमेकींचं काय खातात आणि काय खात नाहीत, हे पाच वर्षांच्या पोरीला मुखपाठ होतं. म्हणजे इतके दिवस माझ्या ताटापुढे ओठ मिटून बसली होती ती काही हट्टाने बसली नव्हती. ती भुकेली होती, आणि आम्हा दोघींपैकी कोणी आधी तोंड उघडतंय याची वाट बघत होती.