युरियाच्या गोणीतले चोपन्न टक्के

आप्पासाहेबांना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं तिसगावात सगळे म्हणायचे, आणि खुद्द आप्पासाहेबांचंही तेच मत होतं. दूधवाल्याच्या मापापासून डॉक्टरच्या इंजेक्शनपर्यंत कशावर म्हणून त्यांचा विश्वास नव्हता. पेट्रोल पंपावर ते मशीनच्या आकड्याकडे बघायचेच नाहीत, नळी धरणाऱ्याच्या हाताकडे बघायचे. देवाला वाहायचा नारळसुद्धा कानाशी हलवून घ्यायचे. घरच्यांना याचा वैताग, पण गावाला माणूस लई कामाचा. बियाणं असो नाहीतर औषध, आप्पानं घेतलंय ना, मग घ्या डोळे झाकून, असा रिवाजच पडून गेला होता.

त्यांचा सगळ्यात लाडका संशय युरियावर होता. गोणीवर छापलेलं असतं, नत्र ४६ टक्के. मग उरलेलं चोपन्न टक्के काय भरलंय? माती? दुकानदार म्हणायचा, काका, तसंच असतं. 'तसंच असतं' हे दोन शब्द कानावर पडले की आप्पांच्या मनात पाल चुकचुकलीच म्हणून समजा. त्यांनी जाईल तिथे गोण्या वाचायचा सपाटा लावला. ही कंपनी, ती कंपनी, बंदरावर उतरलेला परदेशी माल, सगळीकडे शेहेचाळीस. अहो, शंभर जणांत एखादा तरी इमानदार निघतो की नाही? त्यानं पन्नास दिलं असतं, एखाद्या लबाडानं चाळीस दिलं असतं. सगळे एकाच आकड्यावर येऊन थांबतात म्हणजे आतून संगनमत आहे. यापुढे कोण काय बोलणार, कपाळ?

बोलली ती सून. धनश्री पाथर्डीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिनं समोर बसवून सांगितलं, "मामा, ही भेळ नाही, गिऱ्हाईक बघून शेंगदाणे वाढवायला." युरिया कुणीही करो, कुठेही करो, साठ किलोत नत्र अठ्ठावीस किलोच असणार. बाकीचा कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन. ती काही भरती नव्हे. सगळे त्याच प्रमाणात जोडले गेले तरच त्याला युरिया म्हणायचं. प्रमाण बदललं की वस्तूच बदलली. पाण्याचंही तसंच, नऊ किलो पाण्यात आठ किलो ऑक्सिजन आणि एक किलो हायड्रोजन, मग ते मुळा धरणातलं असो की आपल्या बोअरचं. शंभरात शेहेचाळीस आणि वर थोडंसं, त्याच्यापुढे युरिया जगात कुणाच्या बापाला नेता येत नाही. आप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, हे वजन केलं तेव्हा तू तिथं होतीस का? धनश्री हसून भाकऱ्या टाकायला उठली.

आता पुंजाराम. आप्पांचा चुलत भाऊ, बांधाला बांध. दरवर्षी दिवाळी झाली की हा बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा. यंदा पहिल्यांदाच तो गेला नाही. विहिरीला पाणी होतं, म्हणून सगळ्या रानात कांदा लावला. कांदा साधला तर हातातला कोयता कायमचा खाली ठेवायचा, असं नवरा-बायकोनं ठरवलं होतं. आप्पांचा या भावावर भारी जीव, आणि जगात ज्याच्यावर त्यांनी कधी संशय घेतला नाही असा हा एकच माणूस. पुंजाराम तर कुणावरच संशय घ्यायचा नाही.

कांद्याची पात वीतभर झाली आणि गावात खताचा एक टेम्पो आला. टेम्पोवाल्यानं आप्पांना नमस्कार घातला आणि म्हणाला, "काका, चोपन्न टक्के काय भरतात, हे तुम्ही कधी विचारलंत का?" आप्पांचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांनी कुणी तरी त्यांच्या मनातलं बोललं होतं! त्याच्या गोणीवर छापलं होतं, युरिया, नत्र ५० टक्के. एरवी आप्पा नव्या खताचा चमचा ग्लासभर पाण्यात टाकून बघायचे. युरिया असला तर साखरेसारखा विरघळतो आणि ग्लास गार पडतो. त्या दिवशी त्यांनी पाणी मागवलंच नाही. सुनेलाही सांगितलं नाही, पुन्हा साठात अठ्ठावीस सुरू होईल म्हणून. स्वतःच्या कांद्याला नेहमीचा युरिया आधीच टाकून झाला होता. नाहीतरी चांगली वस्तू आधी पुंजाला, असंच त्यांच्या मनात होतं. सगळ्या गोण्या त्यांनी भावाच्या बांधावर उतरवल्या.

पुढे पुंजारामचा कांदा पिवळा पडत गेला. पाणी दिलं, खुरपलं, तरी पात वर येईना. बांधावरच्या रिकाम्या गोणीच्या कोपऱ्यात मूठभर दाणे राहिले होते, ते आप्पांनी गुपचूप घरी आणून पाण्यात टाकले. दाणे तळाशी जाऊन बसले ते बसलेच. ढवळलं तर पाणी चुन्यासारखं गढूळ झालं, गार काही पडेना. पन्नास टक्के देणारा युरिया असूच शकत नाही, हे सुनेनं तोंडावर सांगितलं होतं. आप्पांना स्वतःची शरम वाटली.

तसेच ते पुंजारामकडे गेले. तो वाफ्यात उकिडवा बसला होता. म्हणाला, "आप्पा, माझंच पाणी कमी पडलं आसंल. खत तू आनलंय, त्यात खोट निघायची न्हाई."

"पुंजा, खतच खोटं हाय. मी बघितलंच न्हाई."

पुंजाराम आधी हसला. आप्पा न बघता काही घेईल, ही गोष्टच त्याला खरी वाटेना. मग त्याची नजर बांधापलीकडे गेली. तिथे आप्पांचा कांदा हिरवागार उभा होता.

"मंग तुज्या रानात कुटलं टाकलंस?"

"शेहेचाळीसचं," आप्पा म्हणाले. "हे जास्तीचं हाय म्हनून तुला दिलं. चांगलं म्हनून दिलं, पुंजा."

पुंजारामनं मान हलवली आणि आप्पांकडे पाहिलं, पंपावर आप्पा नळीवाल्याच्या हाताकडे बघायचे तसं. त्या नजरेपुढे माणसानं काहीही सांगितलं तरी उपयोग नसतो, हे आप्पांइतकं तिसगावात दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?